वाढदिवस बाळाचा, बेत कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी वसई तालुक्यातील एका हॉलमध्ये बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सोहळ्याला आम्ही उपस्थित होतो. पत्रिकेवर सायंकाळी साडेसातची वेळ होती. प्रवेशद्वारावर फुग्यांची कमान, आत बाळाचा भला मोठा फलक, व्यासपीठावर सिंहासनासारखी खुर्ची, एका कोपऱ्यात डीजे आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाणीपुरीचा ठेला अशी सर्व सिद्धता होती. पाहुणे अडीचशेच्या आसपास असावेत. ते जमेपर्यंत नऊ वाजले. केक कापण्याची वेळ आली तेव्हा उत्सवमूर्ती आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिला जागे करण्यात आले. डोळ्यांवर प्रखर दिवे, कानांवर भोंग्यांचा आवाज आणि भोवती अनोळखी चेहरे पाहून बाळाने आकांत मांडला. अखेर वडिलांनी रडणाऱ्या बाळाचा हात धरून केकवर सुरी फिरवली, छायाचित्रकाराने ते दृश्य तीन वेळा पुन्हा करायला लावले आणि आजी बाळाला घेऊन मागच्या स्वयंपाकघरात निघून गेली. तेथे भांडी घासणाऱ्या बाईंच्या शेजारी बसून, रिकाम्या वाटीत चमचा वाजवीत ते बाळ त्या सायंकाळी प्रथमच हसले.

त्या आईवडिलांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी हौसेने आणि प्रेमानेच हे सारे केले होते. परंतु बेत आखताना त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती निमंत्रितांची यादी. बाळाचे वय नव्हते. वाढदिवसाच्या नियोजनातील बहुतेक चुकांचे मूळ येथेच असते, असे आम्हाला वाटते. मुलाला काय झेपेल हे आधी पाहावे आणि मग पाहुणे, वेळ, जेवण, सजावट ही त्या मापाने बेतावीत. आपल्याकडे नेमका याच्या उलट क्रम असतो.

एक वर्षाच्या बाळाचाच विचार करू. साधारणतः आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळ ओळखीचे आणि अनोळखी माणूस यांत स्पष्ट भेद करू लागते. परक्या हातात गेले की रडते. ही भीती पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बरीच तीव्र असते आणि आपण नेमके त्याच दिवशी बाळाला शेकडो हातांमधून फिरवतो! या वयाच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तासांची झोप लागते व तिचा काही भाग दिवसा घेतला जातो. म्हणून पहिल्या वाढदिवसासाठी दुपारच्या झोपेनंतरचा, म्हणजे चार-साडेचारचा सुमार उत्तम. दीड तास पुरे. पाहुणे म्हणून आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावश्या, धर्मपिता व धर्ममाता आणि ज्यांच्या अंगणात बाळ रोज खेळते ते शेजारी एवढी मंडळी असावीत. मोठ्या नातेवाइकांना जेवण घालायचेच असेल तर ते अवश्य घालावे. मात्र ते रात्री, बाळ झोपल्यावर, घरच्या ओसरीवरही घालता येते.

तीन वर्षांचे मूल वेगळे. त्याला केक, मेणबत्ती, फुगा हे सर्व कळते आणि ‘माझा वाढदिवस’ हेही कळते. पण वाटून घेणे त्याला अजून नीट जमत नाही. दुसऱ्या मुलाने नव्या मोटारीला हात लावला की भांडण ठरलेले. म्हणून भेटवस्तू पाहुण्यांसमोर उघडू नयेत, आणि मुलाची अतिशय आवडती खेळणी त्या दिवशी कपाटात ठेवावीत. कार्टूनचा मोठा मुखवटा घातलेला माणूस भाड्याने आणण्याची पद्धत आली आहे. या वयाची कित्येक मुले त्याला पाहून आईच्या पदराआड दडतात. वय वर्षे जितकी, तितकीच पाहुणी मुले, फार तर एक-दोन अधिक, असा एक ढोबळ हिशेब अनुभवी आया सांगतात. तो शब्दशः पाळण्याची गरज नाही, परंतु तीन वर्षांच्या मुलाभोवती तीस मुले जमवू नयेत एवढे त्यातून नक्की घ्यावे.

सहा-सात वर्षांपुढे मुलाला स्वतःचे मित्र असतात आणि मग यादी त्यालाच करू द्यावी. दहाव्या-अकराव्या वर्षी तर सारा बेतच त्याच्यावर सोपवून पाहावा. ठराविक रक्कम हातात द्यावी आणि इतक्यात काय बसते ते त्याने ठरवावे. काही मुले डीजेचा हट्ट सोडून क्रिकेटचा चेंडू आणि वडापाव निवडतात, हे आम्ही पाहिले आहे.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण वाढदिवसाच्या मेजवानीकडे ख्रिस्ती परंपरेने सुरुवातीला बऱ्याच सावधपणे पाहिले होते. तिसऱ्या शतकातील विचारवंत ओरिजेन याने पवित्र शास्त्रात वाढदिवसाच्या मेजवान्या कोणी दिल्या याचा शोध घेतला, तेव्हा त्याला संतांपैकी कोणीच सापडला नाही. सापडले ते फारो आणि हेरोद. फारोच्या वाढदिवशी त्याच्या आचाऱ्यांच्या नायकाचा प्राण गेला, आणि हेरोदाच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. दुसरी कथा मार्कच्या शुभवर्तमानात सविस्तर आहे आणि तिच्यातील एक तपशील आम्हाला नेहमी विचारात पाडतो. योहानाचे शिर मागितले गेले तेव्हा हेरोद फार खिन्न झाला, परंतु पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांसमोर शपथ वाहिली होती म्हणून त्याला मागे फिरवेना. अडीचशे ताटांच्या वाढदिवसासाठी पतपेढीचे कर्ज काढणाऱ्या आपल्या गावच्या बापाची तुलना हेरोदाशी करणे अर्थातच अन्यायाचे होईल. पण ‘आता लोकांना सांगून बसलो, मागे कसे फिरायचे’ हे वाक्य आम्ही ऐकले आहे.

पुढे ख्रिस्तसभेच्या पंचांगात तीन जन्मदिवस रूढ झाले : २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, २४ जूनला योहानाचा आणि ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा, ज्याच्या निमित्ताने वांद्र्याला मोत माउलीची जत्रा भरते. अन्य संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो, आणि त्या दिवसालाच प्राचीन ख्रिस्ती लोक जन्मदिन म्हणत. आमच्या आजोबांच्या पिढीत स्वतःचा वाढदिवस ठाऊक असणारे थोडेच होते. तारीख पाहायची झाली तर चर्चमधील स्नानसंस्काराची नोंदवही उघडावी लागे. मेणबत्त्यांचा केक ही जर्मनीकडची प्रथा. अठराव्या शतकात ती तेथे मुलांसाठीच सुरू झालेली दिसते. आणि केक कापताना जगभर म्हटल्या जाणाऱ्या इंग्रजी गाण्याची चाल अमेरिकेतील केंटकी राज्यातील मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या भगिनींनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केली, ती बालवाडीतील सकाळच्या स्वागतगीतासाठी. वाढदिवसाचे शब्द तिला मागाहून जोडले गेले. लहान मुलांच्या गळ्याला सहज पेलेल अशी ती मुद्दाम बेतली होती. भोंग्यावर ती इतक्या मोठ्याने लावली जाते की मुलांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, ही त्यातील गंमत म्हणायची की खंत, ते वाचकांनी ठरवावे.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळू. दिवस ठरवताना वाढदिवसाचीच तारीख साधली पाहिजे असे नाही. मार्चमध्ये परीक्षा असतात, जुलैत आपल्याकडे कधी पाणी तुंबेल याचा भरवसा नसतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेल्या मुलांचा वाढदिवस बहुधा उपवासकाळात येतो. अशा वेळी घरात केक कापून मोठे जेवण ईस्टरनंतरच्या रविवारी ठेवण्याचा अनेक कुटुंबांचा प्रघात चांगला आहे. मुलाला मात्र हे आधी समजावून सांगावे, नाहीतर आपला वाढदिवस रद्द झाला अशी त्याची समजूत होते. नाताळच्या आठवड्यात जन्मलेल्या मुलांची वेगळीच तक्रार असते : दोन सणांची मिळून एकच भेट! ती तक्रार रास्त आहे.

पत्रिकेवर कार्यक्रम सुरू होण्याची आणि संपण्याची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. आपल्याकडे साडेसात म्हणजे नऊ हे सर्वांनी गृहीतच धरले आहे. ‘दुपारी ४ ते ६’ असे स्पष्ट लिहिले की मुले घेऊन येणाऱ्यांना निघायला संकोच वाटत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या नियमांनुसार बंदी आहे, हे तर सर्वश्रुत आहे. मुलांच्या कार्यक्रमाला दहा वाजावेतच कशाला?

जेवणाचा हिशेब साधा ठेवावा. एक किलोच्या केकचे ऐंशी ग्रॅमचे तुकडे केले तर बारा होतात. लहान मुलाला त्याच्या निम्मा पुरतो. ताज्या क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरातच वाटून टाकावा. बोलावण्यापूर्वी पालकांना विचारावे की मुलाला दूध, अंडे, शेंगदाणे यांपैकी काही वर्ज्य आहे काय. शाळेतील मित्रांमध्ये शाकाहारी घरांतील मुले असतील तर अंड्याविना केक आणावा, आणि आपल्या घरी तळलेल्या फुग्यांतही अंडे असते हे त्यांच्या आयांना आधी सांगावे. (फुगे म्हटले की शहरातील मुले भिंतीकडे पाहतात, आमच्या लहानपणी आम्ही परातीकडे पाहत असू.) पाच वर्षांखालील मुलांच्या बशीत अख्खे शेंगदाणे, चणे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या वाढू नयेत, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. हे पदार्थ श्वासनलिकेत अडकतात. चीज आणि अननसाचे तुकडे खोचलेल्या टोकदार काड्या मोठ्यांच्या टेबलावरच राहू द्याव्यात.

याच धोक्याचा दुसरा विषय म्हणजे फुगा. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलाने तोंडात घातला तर तो घशाला घट्ट चिकटतो आणि बाहेर काढणे कठीण होते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी तशी सूचना छापणे बंधनकारक झाले. म्हणून फुगे मोठ्यांनी फुगवावेत आणि एखादा फुटला की त्याचे तुकडे लगेच वेचावेत. वायू भरलेले तरंगते फुगे घेताना विक्रेत्याला विचारावे. हेलियम पेटत नाही, पण तो महाग असल्याने काही ठिकाणी हायड्रोजन भरला जातो आणि मेणबत्ती जवळ आली की तो भडकतो. पिचकारीतून उडणारा कृत्रिम बर्फ हाही असाच. त्या डब्यात बहुधा ज्वलनशील वायू असतो, आणि तो फवारला जातो नेमका मेणबत्त्या पेटलेल्या असताना, मुलाच्या चेहऱ्याभोवती. आमच्या मते ही वस्तू घरात आणूच नये.

फुंकर घालावी की नाही, यावरून काही घरांत वाद होतो. शेजारच्या हिंदू घरात निरांजनाने औक्षण करतात आणि दिवा विझवणे अशुभ मानतात. आपल्या घरात ज्योत विझवून टाळ्या वाजतात. दोन्ही घरांतील मुले एकमेकांकडे जाऊन दोन्ही गोष्टी आनंदाने करतात. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१७ मध्ये असे आढळले की फुंकर मारल्याने आइसिंगवरील जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढतात. निरोगी मुलांना यातून फारसा धोका नसतो. तरीही सर्दी-तापाची साथ असेल तर मेणबत्ती एका लहान केकवर लावावी आणि मोठा केक बाजूला ठेवावा. मुलाला फरक कळत नाही.

सजावटीविषयी कायद्याने आपले काम थोडे सोपे केले आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकच्या बश्या, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे फलक यांवर बंदी आहे. दुकानात यांतील बरेच काही अजून मिळते हे आम्हाला माहीत आहे. कागदाच्या पताका मुलांना आदल्या दिवशी कापायला बसवावे. ते काम त्यांना प्रत्यक्ष समारंभाइतकेच आवडते. आणि खेळांसाठी कोणाला पैसे देऊन बोलावण्याची गरज नाही. ‘मामाचं पत्र हरवलं’, ‘डोंगराला आग लागली’, विषामृत, लगोरी हे खेळ अंगणात किंवा गच्चीवर सहज होतात. संगीतखुर्चीत जो पहिल्यांदा बाद होतो तो उरलेला वेळ हिरमुसून बसतो. लहानांसाठी ती टाळलेली बरी.

भेटवस्तूंचा विषय मात्र सोपा नाही, आणि त्यावर थोडे थांबावेसे वाटते. एका आईने आम्हाला सांगितलेली गोष्ट अशी. तिच्या सात वर्षांच्या मुलाला वर्गमित्राच्या वाढदिवसाचे निमंत्रण आले. त्या महिन्यात वडिलांच्या हाताला काम नव्हते. रिकाम्या हाती पाठवायचे कसे, आणि पुढे आपल्याकडे बोलावले नाही तर मुलाला काय वाटेल, या विचाराने तिने मुलाला ताप आल्याचा निरोप धाडला. मुलगा ठणठणीत होता. सायंकाळी तो खिडकीत बसून समोरच्या इमारतीतील दिवे पाहत राहिला. ‘त्याने मला काही विचारले नाही, हेच मला सहन झाले नाही,’ असे ती म्हणाली. बोलावणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. वाढदिवसाच्या खर्चाची चढाओढ आपण श्रीमंत विरुद्ध गरीब अशी पाहतो. प्रत्यक्षात ती एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोन मुलांमध्ये येऊन उभी राहते.

यावर ‘भेटवस्तू आणू नयेत’ असे छापणे हा उपाय म्हणून अपुरा पडतो, कारण लोक ते मनावर घेत नाहीत आणि जो मनावर घेतो तोच तेथे ओशाळतो. त्यापेक्षा सर्वांनी एकच, बिनखर्चाची वस्तू आणावी असे सुचवावे. उदाहरणार्थ, प्रत्येक मुलाने स्वतः काढलेले एक चित्र आणावे, किंवा वाचून झालेले एक गोष्टीचे पुस्तक आणून दुसरे घेऊन जावे. परतभेटीचेही तसेच. वीस प्लास्टिकच्या पेन्सिलपेट्यांपेक्षा मोगऱ्याचे एक रोप किंवा केळीच्या पानात बांधलेली सुकेळी द्यावीत. वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी आता दुर्मीळ होत चालली आहेत आणि आपल्याच मुलांनी ती चाखलेली नसतात. वर्गात बोलवायचे तर एक तर चार-पाच जिवलग मित्रांना घरी, किंवा मग सबंध वर्गाला. चाळीस जणांच्या वर्गातून पस्तीस जणांना बोलावणे हे उरलेल्या पाचांना दिलेले उत्तर असते. नातेवाइकांनी पाकिटे दिलीच तर ती समारंभाच्या खर्चाची भरपाई म्हणून मोजू नयेत. मुलगी दहा वर्षांखालील असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खाते अडीचशे रुपयांनीही उघडता येते.

आपल्या समाजात आणखी एक चांगली रूढी आहे, ती म्हणजे मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करणे. तिच्यामागील भावना निर्मळ असते. पण ती पार पाडताना आपण एकदा आश्रमातील मुलाच्या जागी उभे राहून पाहावे. आज एक कुटुंब येते, रविवारी दुसरे. प्रत्येक वेळी ओळीत उभे राहायचे, अनोळखी मुलासाठी तेच गाणे म्हणायचे, केकचा तुकडा घ्यायचा, छायाचित्रासाठी हसायचे. यांतील काही मुलांची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. कागदावर अंदाजाने ठरवलेली तारीख असते. दुसऱ्याच्या जन्मदिवसाचे गाणे म्हणताना त्या मुलाच्या मनात काय येत असेल? म्हणून आधी संस्थेच्या सिस्टरांना भेटावे आणि त्यांना काय हवे ते विचारावे. उत्तर बहुधा केक नसते. तेल, साबण, जूनमध्ये वह्या, एखाद्या मुलाचा चष्मा असे असते. शक्य असल्यास त्या महिन्यात आश्रमातील ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याच्या नावाचा केक न्यावा, आणि गाणे त्याच्यासाठी म्हणावे. आपल्या मुलाने टाळ्या वाजवाव्यात. छायाचित्रे मात्र कटाक्षाने टाळावीत. देखभाल व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे.

आपल्या स्वतःच्या मुलांच्या बाबतीतही हात थोडा आखडता घ्यावा. पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेचा गणवेश आणि घराचा परिसर हे सारे एका छायाचित्रात भरून ते परक्यांपर्यंत पोहोचवणे शहाणपणाचे नाही. घरातील एका व्यक्तीला छायाचित्रांचे काम द्यावे आणि बाकीच्यांनी मोबाइल खिशात ठेवावेत, म्हणजे मूल मान वर करील तेव्हा त्याला माणसांचे चेहरे दिसतील.

समारंभ संपल्यावर सर्वांत आधी जमिनीवरील फुग्यांचे तुकडे, पिना आणि भेटवस्तूंतील बटणाएवढ्या बॅटऱ्या उचलाव्यात. या बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर थोड्याच तासांत अन्ननलिकेला भाजून काढतात. तशी नुसती शंका आली तरी रुग्णालय गाठावे. उरलेला क्रीमचा केक रात्रीच फ्रिजमध्ये जावा. शेजारून आणलेल्या खुर्च्या आणि पराती दुसऱ्या दिवशी सकाळी परत कराव्यात, आणि त्या द्यायला मुलालाही बरोबर न्यावे. परातीत चार फुगे ठेवले तर उत्तमच.